चाळीस दारांची रोटी

सीमेवर लढाई झाली त्या सप्टेंबरात माझी भावजय होजर बाजारातून बातमी घेऊन आली. सीमेजवळची गावं जळाली होती. तिथल्या बायका-मुलांना बसमध्ये घालून आमच्या ओश शहरात आणलं होतं आणि शहराच्या टोकाला एका वसतिगृहात ठेवलं होतं. माझी बायको सनोबर अंगणात बसून धुरीचं वाळलेलं इसिरिक निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कुणाचं माणूस गेलंय का त्यांच्यात?"

"एकीचा मुलगा गेला. सगळे निघाले होते, हा गाय सोडायला मागे फिरला म्हणे."

"नाव काय तिचं?"

"मला काय ठाऊक! आणि तुला कशाला हवंय? आपण आपल्या घरात गप्प बसावं. या दिवसांत आपण नुसतं तोंड उघडलं तरी लोक वळून बघतात."

होजर म्हणाली ते खरं होतं. आम्ही मुगात. शहरातले लोक आम्हाला ल्युली म्हणतात, आणि एकमेकांना शिवी द्यायची झाली तरी तोच शब्द वापरतात. पिढ्यान् पिढ्या आम्ही किर्गिझांच्या शेजारी राहतोय, पण घरात बोलतो ती ताजिक, म्हणजे सीमेपलीकडच्यांची भाषा. तिकडचीही गावं जळालीच होती, पण ते बोलायची तेव्हा सोय नव्हती. बाजारात आमच्या बायका एकमेकींशी खुणांनी बोलत होत्या.

सनोबरने इसिरिकची चाळण बाजूला ठेवली आणि पिशव्या शोधायला लागली. मी समजलो.

तिच्या माहेरी एक रीत होती. ज्या बाईचं मूल गेलं, तिला पहिल्या दिवसांत कुणी स्वतःच्या घरची रोटी द्यायची नाही. चाळीस दारांवर जायचं, प्रत्येक दारी त्या बाईचं दुःख सांगायचं आणि मिळेल ती रोटी, मिळेल तो तुकडा गोळा करायचा. मग ते सगळं तिच्यापुढे ठेवायचं. चाळीस घरांनी तुझं ऐकलं, असा त्याचा अर्थ. मागणं आमच्यात कमीपणाचं नाही. तव्यात इसिरिक धुमसवत दुकानादुकानांत फिरायचं, धूर देऊन दृष्ट काढायची आणि हात पुढे करायचा, हा आमच्या बायकांचा पिढीजात धंदा. मागून आणलेल्या रोटीत देणाऱ्याचं मन असतं, म्हणून ती आमच्याकडे घरच्या रोटीपेक्षा वरची. बाहेर मात्र तिला उष्टं म्हणतात.

सनोबर दोन दिवस फिरली. पहिलंच दार होजरचं होतं. होजर म्हणाली, "माझ्या दारावर कशाला आलीस? मी काय किर्गिझ आहे?" आणि तिने दार लावून घेतलं. ते दार धरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भंगाराच्या तीनचाकीत चार पिशव्या रोट्या ठेवून आम्ही दोघं वसतिगृहात गेलो.

फाटकावरचा माणूस म्हणाला, "इथे काही मिळणार नाही, म्हातारे. इथल्यांनाच पुरत नाहीये."

"मागायला नाही आले रे बाळा," सनोबर म्हणाली. "आज उलटं आहे."

मुलगा गेलेल्या त्या बाईचं नाव रिस्कान. पन्नाशीची असेल. लोखंडी पलंगाच्या कडेला बसली होती. पायात दोन रबरी गॅलोश होते, दोन्ही डाव्या पायाचे, एक काळा आणि एक तपकिरी. सनोबरने तिच्यापुढे जमिनीवर कापड पसरलं आणि रोट्या मांडायला लागली. गोल, चौकोनी, तिळाच्या, पांढऱ्या, काही अर्ध्या, एकीला कुणीतरी कोपऱ्यात चावा घेतलेला. मोडक्या किर्गिझमध्ये ती म्हणाली, "चाळीस घरांतून आल्यात. सगळ्यांना तुझ्या मुलाचं सांगितलं मी. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून 'गायीमागे गेलेला मुलगा' असं सांगितलं."

"उर्मात," रिस्कान म्हणाली. "उर्मात त्याचं नाव."

सनोबरला पुढे किर्गिझ सुचलं नाही. तिने रिस्कानचे पाय धरले आणि आमच्या भाषेत बोलायला लागली. आईच्या काळजाचं काहीतरी बोलली. खोलीतल्या बायका एकदम गप्प झाल्या. तीच भाषा, जी त्यांनी आठ दिवसांपूर्वी गोळ्यांबरोबर ऐकली होती. एक म्हातारी पलंगावरून उठून उभी राहिली. मला वाटलं, आता मार बसणार. रिस्कानने वाकून चावा घेतलेली ती रोटी उचलली, तोडली आणि खाल्ली. तीन दिवसांत तिने खाल्लेला तो पहिला घास, असं मागून कळलं.

खोलीत आयझिरेक नावाची एक तरुण बाई होती. मदतीचं सामान वाटायला येणाऱ्यांतली, शहरातल्या बऱ्या घरची. फोनवर तिचं बोलणं ऐकणारे हजारो लोक आहेत. तिने ते सगळं फोनमध्ये घेतलं होतं. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

कळलं ते आमच्या नातीकडून. मोहिरा माझ्या रजबची मुलगी. रजब आणि सून रशियात कामाला, म्हणून ती आमच्याकडेच वाढली. वस्तीतल्या शाळेत नववीपर्यंतच वर्ग आहेत. नववीला ती पहिली आली होती. मला अक्षरं शिकवली ती तिनेच, ती दुसरीत असताना. तिला नर्स व्हायचं होतं. उन्हाळ्यात आम्ही तिचे कागद घेऊन नर्सिंग कॉलेजात गेलो होतो. खिडकीतल्या बाईने कागदावरचा वस्तीचा पत्ता वाचला आणि जागा भरल्यात म्हणाली. आमच्या मागच्या मुलीचे कागद तिने घेतले, ते मी पाहिलं. तेव्हापासून मोहिरा घरात फारशी बोलत नव्हती.

ती फोन घेऊन धावत आली. "बीबी, तुला चार लाख लोकांनी पाहिलं!"

"कुठे?" सनोबरने घाबरून डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

सनोबरला वाचता येत नाही. खालचं मी वाचून दाखवायला लागलो, एकेका अक्षरावर बोट ठेवून. कुणी लिहिलं होतं, 'आज मला माझीच लाज वाटली. पुन्हा कधी ल्युली हा शब्द शिवीसारखा वापरणार नाही.' कुणी लिहिलं होतं, 'आपल्या देशात लहान-मोठी जात नाही, हे या आजीने दाखवून दिलं.' एकाने रडणारी तोंडं आणि लाल बदाम यांच्या तीन ओळी काढल्या होत्या. एक म्हणत होता, 'भाषा शत्रूची, पण काळीज आपलं.'

"हा काय म्हणाला?" सनोबरने विचारलं.

"चांगलंच म्हणाला."

"मग तुझं तोंड असं का झालं?"

'पीठ कुठून चोरलं ते विचारा' अशीही एक होती. ती मी वाचली नाही.

आठवड्याभरात नर्सिंग कॉलेजच्या संचालिका आमच्या घरी आल्या; सगळे त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणतात. नुरजमाल एजे. त्यांच्याबरोबर आयझिरेक, आणखी दोन माणसं आणि एक मोठा कॅमेरा. वस्तीतली पोरं गाडीभोवती जमली. नुरजमाल एजे सनोबरशेजारी गालिच्यावर बसल्या, चहा प्यायल्या, सनोबरचा हात हातात घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ही आमची आई आणि मोहिरा आमची मुलगी. नव्या वर्षापासून ती आमच्याकडे शिकेल, वसतिगृहात राहील. या वस्तीतली पहिली नर्स!"

"जागा भरल्या होत्या ना, एजे?" सनोबरने विचारलं.

"झाली एक," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

गाडी गेल्यावर मोहिरा अंगणात दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही, बोबो. पांढरा कोट इस्त्रीचा लागेल. आपल्याकडे इस्त्री नाही." आणि रडत हसायला लागली. त्या दिवशी सनोबरने ठरवलं होतं की पोर एकदा कॉलेजात गेली की आपण बाजार सोडायचा. तिचे गुडघे गेले होते. तवा होजरच्या सुनेला द्यायचा, हेही ठरलं होतं.

नोव्हेंबरात दुसरा व्हिडिओ आला. बाजारात सामान घ्यायला आलेल्या कुणीतरी सप्टेंबरातच काढून ठेवलेला. त्यात सनोबर एका रोटीवाल्याच्या दुकानापुढे पिशवी पसरून उभी होती. आवाज नीट येत नव्हता. गायीचा, मुलाचा शब्द गोंगाटात बुडाला होता. दिसत होतं ते एवढंच: एक ल्युली म्हातारी हात पुढे करते, दुकानदार वैतागून तिच्या पिशवीत एक रोटी टाकतो, आणि ती पुढच्या दुकानाकडे जाते. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'ओळखलंत का? हीच ती दानशूर आजी.' दोन्ही व्हिडिओंतल्या तिच्या डोक्याच्या रुमालाभोवती लाल वर्तुळं काढली होती. हिरवा रुमाल, पिवळी फुलं.

त्याच रोट्या होत्या. एकीकडे घेताना, दुसरीकडे देताना. पण ते सांगणार कुणाला?

या वेळी खालचं मी वाचून दाखवलं नाही. सनोबर म्हणाली, "वाच."

"नको गं."

"रजबच्या बापा, चांगलं होतं तेव्हा घसा बसेपर्यंत वाचलंस. आता वाच."

मी वाचलं. 'आमच्या शहिदाच्या आईला भीक मागून आणलेले उष्टे तुकडे चारले.' 'ल्युली तो ल्युलीच.' 'मी या बाईसाठी रडले होते, माझे अश्रू परत द्या.' जिने तो शब्द शिवी म्हणून वापरणार नाही असं लिहिलं होतं, तिनेही लिहिलं होतं. नाव मी ओळखलं, कारण पहिल्या वेळी तिची कमेंट सनोबरने मला तीनदा वाचायला लावली होती. आता तिने तो एकच शब्द लिहिला होता.

दोन दिवसांनी नुरजमाल एजेंचा फोन आला. मी आवाज मोठा करून ठेवला. "हे बघा अक्सकल, तुम्ही वडीलधारे आहात, माझं मन स्वच्छ आहे. पण मला वरूनही विचारतात, खालूनही विचारतात. पालक म्हणतात, भीक मागणाऱ्यांच्या घरातली मुलगी आमच्या मुलींच्या खोलीत नको. तुम्हीच सांगा, मी काय करू? तूर्त थांबू या. गोष्ट थंड झाली की पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी जागा असेल?"

"बघू या ना."

मोहिराने पुस्तकं पेटीत घातली आणि पेटीवर गोधडी टाकली. ती म्हणाली, "बोबो, मी भंगार निवडायला येते तुमच्याबरोबर." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. सनोबर चुलीपाशी बसून तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आयझिरेकला फोन लाव. म्हणावं, बाजारात त्या दुसऱ्या बाईला येऊन भेट."

"कुठल्या दुसऱ्या बाईला?"

"भीक मागणारीला."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हणालो, "वेडी आहेस? ती आपल्या घरात तासभर बसून चहा प्यायलीय. तुझ्या डोळ्यांत बघून बोललीय."

"माझ्या रुमालाकडे बघून बोललीय," सनोबर म्हणाली. "चाळीस वर्षं मी त्या बाजारात फिरतेय. रोज दृष्ट काढते त्यांची. किती जण मला नावाने ओळखतात? कधी मला होजर म्हणतात, कधी वस्तीतल्या सलोमतच्या आईला सनोबर. एकाने तर मी मेले म्हणून माझ्याच हातात नाणं ठेवून हळहळ व्यक्त केली होती. तू लाव फोन."

मी फोन लावला. सांगितलं की व्हिडिओतली बाई आमच्या घरातली नाही, दुसरीच आहे, चुना मिळतो त्या गल्लीच्या तोंडाशी बसते, हवं तर जाऊन विचारा. आयझिरेकला ते हवंच होतं. तिलाही लोकांनी खोटारडी ठरवलं होतं.

मी समोरच्या पोत्यांच्या दुकानाआड उभा राहिलो. सनोबरने जुना करडा रुमाल भुवयांपर्यंत ओढला होता, कंबर वाकवली होती, आणि तव्यात इतकं इसिरिक टाकलं होतं की तिच्याभोवती धुराचा तंबू झाला होता. आयझिरेक खोकत फोन पुढे धरून आली.

"आजी, तुम्हीच का त्या? रोटीवाल्यापाशी मागत होतात त्या?"

"मीच गं माझी राणी! मीच. देवाने तुला सोन्याने मढवावं." सनोबरने तिच्या डोक्यावरून तवा फिरवला. हा तिचा बाजारातला आवाज. लांबलेला, नाकातला. घरात आम्ही तो कधी ऐकत नाही. "रोटी मागितली तर गुन्हा झाला का? सगळं शहर मला शिव्या देतंय म्हणे."

"पण मग वसतिगृहात रोट्या देणारी आजी?"

"ती? ती आमच्या वस्तीतली मोठी बाई! ती कुठली मागतेय? स्वतः पीठ मळते, स्वतः भाजते, तोऱ्यात असते. आमच्याशी बोलतसुद्धा नाही."

"रुमाल तर तोच आहे, आजी."

"अगं, रुमालवाला एकच आहे बाजारात! सगळ्या वस्तीने तोच घेतलाय, स्वस्त होता म्हणून." सनोबर हसली, आणि मग एकदम गंभीर होऊन तिने फोनकडे बोट केलं. "तुम्हा लोकांना आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. म्हातारी, काळी, रुमालवाली, की झाली ल्युली. एका चांगल्या बाईला माझ्या पापासाठी शिव्या दिल्यात. तुम्हाला लाज नाही वाटत?"

आयझिरेकचे डोळे भरून आले. धुराने भरले असतील असं मला आधी वाटलं. पण ती खरंच रडत होती. ती सनोबरपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने ओळखलं नाही. नाटक करत नव्हती ती, तिने खरोखर ओळखलं नाही. जाताना तिने सनोबरच्या हातात नोट ठेवली, आणि सनोबरने ती डोळ्यांना लावून घेतली.

त्या संध्याकाळी पुन्हा लाखांनी लोक बोलायला लागले. 'माफ कर, आजी.' 'आपण किती आंधळे आहोत, सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.' 'या भिकारणीने आज आपल्याला आरसा दाखवला.' 'एकेका माणसाला वेगळं ओळखायला शिकू या.' या कमेंटला अकरा हजार बदाम होते.

वाचता वाचता मला हसू आलं. सनोबर हसली नाही. ती म्हणाली, "रजबच्या बापा, देणाऱ्याला एवढंच हवं असतं. आपण चांगले आहोत असं वाटायला जागा करून दिली की हात आपोआप सैल होतो. मी धंद्यापेक्षा वेगळं काही केलं नाही."

नुरजमाल एजेंचा फोन दुसऱ्याच सकाळी आला. जागा होती. शिवाय एक समारंभ होता. त्या रोटी देणाऱ्या आजीचा सत्कार, मोहिराचा प्रवेश आणि रिस्कान आपाची भेट, सगळं एकाच दिवशी, कॉलेजच्या सभागृहात.

फोन ठेवला आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. भीक मागणारी सनोबर आता सगळ्यांना ठाऊक होती. तिचा चेहरा जवळून चार मिनिटं दिसला होता. स्टेजवर तिला नेलं तर सगळं कोसळलं असतं.

"होजरला बोलाव," सनोबर म्हणाली.

होजर आली. ऐकून तिने कपाळावर हात मारला. "मी? अगं, मी तर तुला दारातून हाकललं होतं!"

"म्हणूनच तू. तुझ्या दारची रोटी राहिलीय."

"मला बोलता येत नाही त्यांच्यासारखं."

"बोलायचं नाहीये. बसायचं आणि रडायचं."

"रडू आलं नाही तर?"

"मग मी तुला आधी चिमटा काढून पाठवते," सनोबर म्हणाली. मोहिरा तेवढ्यात अंगणात निघून गेली.

समारंभ जानेवारीत झाला. बाहेर बर्फ होता, सभागृहात फुगे. होजरने हिरवा, पिवळ्या फुलांचा रुमाल बांधला होता, सनोबरचाच. मी तिचा नवरा म्हणून शेजारी बसलो. सत्तरीत मला भावाच्या विधवेचा नवरा व्हावं लागलं. होजर माझ्या कानात म्हणाली, "सरकून बस, म्हाताऱ्या, माझा मेलेला बघतोय वरून." नुरजमाल एजेंनी तिला मखमलीचा चपान, लांब मानाचा अंगरखा, घातला. जातीजातींतल्या प्रेमावर त्या खूप बोलल्या. आपण किती पुढे आलो आहोत, असं तीनदा म्हणाल्या. मोहिरा इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात स्टेजवर आली. तिला सांगितलं होतं तसं ती होजरच्या गळ्यात पडली आणि माइकवर म्हणाली, "बीबी, हे सगळं तुझ्यामुळे." टाळ्या थांबेनात.

मग रिस्कानला आणलं. मला याचीच भीती होती. तिला नवे बूट होते, एक डावा, एक उजवा. कॅमेरे पुढे सरसावले. ती हात पसरून होजरकडे आली, अर्ध्या वाटेत एक क्षण तिचे पाय मंदावले. तिने होजरचा चेहरा पाहिला. मग माझा पाहिला. मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर ठेवलेली टोपी मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. तिच्या एका शब्दावर पोरीची जागा होती.

रिस्कानने होजरला मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडली. सभागृह रडलं. मिठीतच तोंड माझ्याकडे वळवून तिने हळूच विचारलं, "ती कुठाय?"

"बाजारात," मी म्हणालो.

"जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग असू दे."

नंतर जेवणाच्या टेबलाशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. प्लेटमधल्या पुलावात चमचा नुसता फिरवत होती. "फोटोत माझं म्हणून जे घर दाखवतात ना, अक्सकल, ते माझं नाही. माझं अर्धंच जळलं होतं. फोटोत उठून दिसेना, म्हणून शेजारणीचं दाखवतात. मीही काही बोलले नाही. त्या फोटोवर नवं घर मिळतंय मला." तिने प्लेट टेबलावर ठेवली. "मला तिला भेटायचं होतं. उर्मातचं नाव तिला सांगितलं होतं मी. ती घेते का कधी?"

"रोज," मी म्हणालो. हे खरं होतं. सकाळी तवा पेटवताना सनोबर आपल्या मेलेल्यांची नावं घेते, आणि शेवटी उर्मात म्हणते.

रिस्कान काही बोलणार होती. पण कुणीतरी तिला हाक मारली, गाडी उभी होती, दुसऱ्या शहरात दुसरा समारंभ होता. ती गेली.

घरी आलो तेव्हा सनोबर गुडघ्यांना तेल चोळत होती. सत्काराचं, चपानाचं तिने काही विचारलं नाही. म्हणाली, "रिस्कानने ओळखलं?"

"ओळखलं."

"बोलली नाही?"

"नाही. तू कुठे आहेस विचारत होती. तुला भेटायचं होतं तिला."

सनोबरने तेलाची बाटली खाली ठेवली. "मग आणायचीस की घरी!"

"गाडी थांबत नव्हती गं."

तिने तेलाचे हात पुसले. मग म्हणाली, "माझी एवढी एकच ओळख होती बाहेर. तीही तू तिथूनच परत पाठवलीस."

दुसऱ्या दिवशी ती तवा घेऊन बाजारात गेली. जावंच लागतं. ती दिसली नाही तर लोक म्हणतील, ती भीक मागणारी कुठे गेली, आणि कुणीतरी शोधत घरापर्यंत येईल. गुडघे दुखतात म्हणून ती आता चुन्याच्या गल्लीपाशी बसूनच असते. बाजारात ती थोडी प्रसिद्धच झाली आहे. तरुण पोरं तिच्याबरोबर फोटो काढून घेतात, आरसा दाखवणारी भिकारीण म्हणून.

कॉलेजात बाहेरच्यांनी भेटायचा दिवस रविवार. सनोबर शनिवारी पीठ मळते, तंदूर पेटवते, मोहिराला आवडतात तशा कांद्याच्या पातळ रोट्या भाजते. रविवारी त्या घेऊन होजर जाते. फाटकावरचे लोक उठून उभे राहतात, मुली तिच्याकडून आशीर्वाद घेतात. होजरला आता ते आवडायला लागलंय. परवा ती मला म्हणाली, "खरं सांगू? कधी कधी मलाच वाटतं, मीच गेले होते चाळीस दारं."

मोहिरा सोमवारी फोन करते. खोलीत सहा मुली असतात. पहिल्या सोमवारी ती चुकून "बीबी" म्हणाली, तेव्हा एकीने विचारलं होतं, अगं, कालच तर भेटून गेली ना तुझी बीबी, पुन्हा कसला फोन? तेव्हापासून फोनवर मावशीशी बोलायचं, असं तिने ठरवून घेतलंय.

काल फोन आला तेव्हा सनोबर नुकतीच बाजारातून आली होती. अंगाला धुराचा वास होता. मी फोन तिच्या कानाशी धरला.

"खाला, कशा आहात?" मोहिराने विचारलं. मागे मुलींचं हसणं ऐकू येत होतं.

"बरी आहे गं पोरी. अभ्यास होतोय ना?"

"होतोय. आज आम्हाला सुई टोचायला शिकवलं."

"हात थरथरला का?"

"नाही, खाला."

"बरं झालं." सनोबरने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि तुझी बीबी आली होती ना रविवारी? रोट्या मऊ होत्या का?"

पलीकडे मुली अजून हसत होत्या.

"खूप मऊ होत्या, खाला. बीबीला सांगाल?"

"सांगते," सनोबर म्हणाली.